उलट्या पावलांची जागा

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. उसाचा रस उकळून त्याचा गूळ करायची जी पसरट लोखंडी कढई असते, ती मी. माझ्या बुडाला तीन ठिगळं आहेत, एक कडी गेली आहे, आणि खरं सांगायचं तर मला आता फारसं बोलायची हौसही राहिलेली नाही. जन्मभर जाळावर बसलं की अंगातलं बोलणंसुद्धा आटून जातं. पण एक गोष्ट मनात अडकून बसली आहे. तेवढी सांगते आणि गप्प होते.

सांगलीत हळदीच्या पेठेमागे रसूल लोहारांचं दुकान होतं. जाड पत्र्याचे तुकडे रिव्हेटनी एकमेकांना जोडून त्यांनी मला घडवलं. त्यांची बायको सुगराबी भाता ओढायची. मी तयार झाल्यावर तिनं माझ्यात काठोकाठ पाणी भरलं, बुडाखाली हात फिरवला आणि एका जागी ओल लागली म्हणून नवऱ्याला पुन्हा ठोकायला बसवलं. मग बैलगाडीत उताणी पडून मी पलूसच्या बाजूच्या एका गावात आले. तो सगळा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. तिथे भाऊसो नावाच्या बागायतदारांच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं, त्याच्या चुलवाणावर, म्हणजे मोठ्या भट्टीवर, मला चढवलं.

हंगामात दिवसाला तीन आधणं निघायची. आधण म्हणजे मी एकदा भरून रिकामी होणं. चरकातून रस आला की तो माझ्यात पडे, खालून चिपाडांचा जाळ लागे, मळी वर येई, ती काढली जाई. गुळव्या होते जैनुद्दीन. पाक झाला की नाही हे तेच ठरवत. पाण्यात बोट बुडवून ते उकळत्या पाकाची चिमूट उचलत, तिची गोळी करत आणि कपाळाला आठी घालून तिच्याकडे बघत. गोळी जमली की मान डोलवत आणि बाजूला होत. लोक लांबून यायचे, भाऊसोंचा गूळ बघून वाहवा करायचे. वाहवा भाऊसोंची व्हायची, फार तर जैनुद्दीनची. माझ्याकडे कुणी बघत नसे. मीही कधी वाईट वाटून घेतलं नाही, तेवढी सवडच नव्हती.

गूळ झाला की खरं अवघड काम असे ते उचलीचं. माझ्या कड्यांतून दोन लांब वासे घालत, एकेका बाजूला चार माणसं उभी राहत आणि मला जाळावरून उचलून शेजारच्या वाफ्याच्या काठाकाठानं चार-पाच पावलं नेत आणि त्यात ओतत. वाफा म्हणजे गूळ थंड करायची जमिनीतली उथळ, दगडी हौदी. पुढच्या जोडीला उलट्या पावलांनी चालावं लागे. त्यातल्या उजव्या माणसाची टाच अगदी वाफ्याच्या काठाला लागून जाई. ती जागा गुंडाची होती. गुंडा हा भाऊसोंचा जुना गडी, बुटका, रुंद पायांचा, कमी बोलणारा.

आता नीट ऐका. उचलीचा शब्द जैनुद्दीन देत नसत, भाऊसोही देत नसत. तो गुंडा देई. ज्याला मागचं दिसत नाही त्यानं सांगितल्याशिवाय बाकीच्यांनी हलायचं नाही, अशी तिथली रीत होती. गुंडा टाचेनं काठ चाचपडे, पाय बसवी आणि मग म्हणे, "हां, चला." कधी कधी त्याला वेळ लागे. पाक क्षणाक्षणाला पुढे, करपण्याकडे जात असे, जैनुद्दीनचा जीव वर-खाली होई, पण ते तोंडातून शब्द काढत नसत.

भाऊसोंचा मुलगा लालासाहेब पुण्याला वाणिज्याच्या कॉलेजात शिकत होता. दुसरी मोठी लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. माणसं एकत्र काम कशी करतात, असाही एक विषय त्याला तिथे होता. ऐकून माझ्या गुऱ्हाळातल्या माणसांना हसू आलं होतं, की हेसुद्धा शिकवावं लागतं! सरांनी चौघाचौघांचे गट पाडले आणि प्रत्येक गटानं एक काम प्रत्यक्ष बघून त्यावर मिळून एक अहवाल लिहायचा, असं ठरलं. लालासाहेब आपले तीन मित्र घेऊन आठ दिवस मळ्यावर आला.

चौघांनी काम वाटून घेतलं. एकानं चरक घेतला, एकानं चुलवाण, एकानं जैनुद्दीनना घेतलं, आणि लालासाहेबानं वाफा आणि गुळाच्या ढेपा. वाटणी अगदी चोख झाली. फक्त उचल कुणाच्याच वाट्याला आली नाही. उचलीच्या वेळी जैनुद्दीन पोरांना लांब पाठवत, अंगावर पाक उडायला नको म्हणून, आणि ही चौघं बाहेर बांधावर बसून काकवी चाटत. लालासाहेबाला वाटे, आपण तर इथंच वाढलो, आपल्याला बघायची काय गरज? पण मालकाच्या पोराला लहानपणापासून त्या वेळी कुणी जवळ फिरकू दिलंच नव्हतं.

अहवाल लिहिताना हे भोक दिसलं, असं मला मागाहून माणसांच्या बोलण्यातून कळलं. लालासाहेबानं ते मनानंच बुजवलं. 'गुळव्या हा प्रमुख असून त्याच्या हुकमाबरोबर आठहीजण काहील उचलतात,' असं त्यानं लिहिलं. सरांना अहवाल इतका आवडला, की सगळा वर्ग घेऊन मी बघायलाच येतो, असं त्यांनी कळवलं.

तेव्हा पोरगं घाबरलं. न बघता लिहिलं हे उघडं पडलं तर चौघेही नापास होणार होते. सर यायच्या आदल्या दिवशी तो गुऱ्हाळात आला. सगळ्यांना जमवून त्यानं सांगितलं, की उद्यापुरता शब्द जैनूचाचांनी द्यायचा. कॉलेजच्या पुस्तकात अशीच रीत दिली आहे आणि तीच जास्त सोयीची आहे. जैनुद्दीन बराच वेळ दाढी खाजवत बसले. गुंडा म्हणाला, "बुकात हाय म्हंजे इचार करूनच लिवलं आसंल. आपलं काय, आडाणी मानसं." सगळ्यांचा त्या पोरावर जीव होता. कुणी मोडता घातला नाही.

मला तेव्हा ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण लोखंडाला कुठलं तोंड?

दुसऱ्या दिवशी तीस-पस्तीस विद्यार्थी आले आणि वाफ्याभोवती दाटीवाटीनं उभे राहिले. गुंडाची नेहमीची वाट त्यांच्या पायांनी अडली, त्याला वीतभर आत सरकून उभं राहावं लागलं. गोळी जमली. जैनुद्दीननी गुंडाकडे एकदा बघितलं, लालासाहेबाकडे एकदा बघितलं, आणि म्हणाले, "उचला." गुंडाचा पाय बसला नव्हता. हे त्याला कळत होतं आणि वाशाला आलेल्या त्याच्या हिसक्यातून मलाही कळलं. पण बोलणं आज त्याचं नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला. तिसऱ्या पावलाला त्याची टाच काठावरून सुटली. मी कलंडले आणि माझ्यातला पाक त्याच्या उजव्या पायावर गेला. पाण्याचा चटका ओघळून जातो, पाकाचा तिथेच चिकटून बसतो. तो पाक माझ्या अंगातून गेला, मित्रांनो. हे मी कुणाला कसं सांगू?

सरांनी काय झालं ते विचारलं. जैनुद्दीन म्हणाले, चूक माझी. मागच्या जोडीतला आकाराम म्हणाला, माझा वासा हालला. आणि बाजेवर पडलेला गुंडा दातावर दात दाबून म्हणाला, "माजाच पाय चुकला, सायेब. पोरांचा दोस न्हाई." सर गहिवरले. एकमेकांना सांभाळून घेणारी अशी माणसं पुस्तकात सापडत नाहीत, असं ते वर्गाला म्हणाले. लालासाहेब खाली मान घालून उभा होता. खरं काय ते त्यानं सांगितलं नाही. त्याला त्या विषयात पहिला वर्ग मिळाला आणि अहवाल कॉलेजच्या वार्षिकात छापून आला.

गुंडाचा पाय भरायला चार महिने लागले. बोटं एकमेकांना जुळून गेली. पुढच्या हंगामात तो काठी टेकत आला आणि भिंतीला टेकून बसायला लागला. उलट्या पावलांनी चालणं त्याचं कायमचं सुटलं. तेही त्यानं सोसलं असतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो एकच सांगे, की बुकातली रीत बरोबर होती, माझ्याच पायानं घात केला, पोराच्या सायबापुढं सगळ्यांची मान खाली घातली. ते ऐकून ऐकून माझा जीव विटला होता. गुंडाला खरं सांगू शकेल असा माणूस एकच होता आणि तो पुण्यात होता.

सुट्टीला तो आला. दोन दिवस गुऱ्हाळाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या आधणाला आला, धोतर खोचलं आणि गुंडाच्या जागी जाऊन वासा धरला. जैनुद्दीन म्हणाले, "धाकलं मालक, ही जागा सोपी न्हाई. हितला मानूस बोलल्याबिगार आमी हालत न्हाई. त्यो खरं बोलंल म्हनूनच समदी उचलत्यात."

आवाजात टोमणा नव्हता. गोळी जमली, जैनुद्दीननी मान डोलवली आणि ते बाजूला झाले. सातजण लालासाहेबाच्या शब्दाची वाट बघत उभे राहिले.

त्यानं 'चला' म्हटलं नाही. भिंतीकडे बघत तो म्हणाला, "गुंडामामा, बुकात तसलं काही नव्हतं. मी उचल कधी बघितलीच नव्हती. मनानं लिहिलं, आणि सर येणार म्हणून तुमाला तसं करायला लावलं. सरांना काल पत्र घातलंय."

खाली जाळ होता. पाक पुढे चालला होता, करपल्याचा वास सुटला होता. गुळव्याला जन्मात सहन न होणारा तो वास. जैनुद्दीन जागचे हलले नाहीत. वाशावरचे हात तसेच राहिले.

"म्हंजे माजा पाय चुकला न्हवता?" गुंडानं विचारलं.

"न्हाई, मामा."

गुंडा आपल्या जुळलेल्या बोटांकडे बघत बसला. मग त्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि धन्याच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत हाक मारली. "लाला, टाच मागं घे. काठ लागला?"

"लागला."

"पाय बसला?"

"थांबा जरा." त्यानं पाय हलवून पुन्हा रोवला. "बसला."

"मग तूच बोल."

तो बोलला, तेव्हा मी उचलली गेले. जैनुद्दीनच्या हातचा तो एकच गूळ काळा झाला, जिभेला कडू लागेल इतका. भाऊसोंनी विचारलं तेव्हा जैनुद्दीननी एवढंच सांगितलं, की आज थांबावं लागलं.

पत्राचं पुढे काय झालं, पहिला वर्ग राहिला की गेला, मला माहीत नाही. चुलवाणापर्यंत पत्रं येत नाहीत. पुढे साखरेचे कारखाने आले, मळ्यातली गुऱ्हाळं थंडावली आणि मी या गोठ्यामागे येऊन पडले. मला घासा, रंग लावा, असं काही मी तुम्हाला सांगणार नाही, माझं आता होऊन गेलं आहे. पण मित्रांनो, चार माणसं मिळून जेव्हा काही जड उचलाल, तेव्हा उलट्या पावलांनी कोण चालतं आहे ते आधी बघा. तो बोलेपर्यंत थांबा. गूळ करपला तरी चालेल.