विषय क्रमांक अकरा

विद्यापरिषदेची बैठक अडीचला होती आणि पाळणाघर साडेपाचला बंद व्हायचं. सकाळी लेकीचं कपाळ कोमट लागलं. दोनदा हात लावून बघितला, तिसऱ्यांदा बघायचं नाही असं ठरवून तिला सोडून आले.

मृदाशास्त्र विभागात पीएचडी सुरू व्हावी म्हणून मी दीड वर्ष कागद हलवत होते. कारण सरळ होतं, पहिली विद्यार्थिनी मीच होणार होते. पीएचडी नाही म्हणून माझी नोकरी दरवर्षी नव्याने मागावी लागते, आणि दुसरं सर्वांत जवळचं संशोधन केंद्र रेल्वेने नऊ तासांवर. नवरा आधीच कामासाठी परगावी. मीही तिसरीकडे गेले तर लेकीला कुठे ठेवायचं?

विभागप्रमुखांनी प्रस्तावावर सही केली आणि नेमकी बैठकीच्या दिवशी रजा टाकली. तुम्ही बोलता छान, एवढं म्हणून मोकळे झाले.

त्याआधी महिनाभर मी एकेका सदस्याच्या दारात उभी राहिले होते. सर्वांत अवघड अधिष्ठाता. विभागात आम्ही त्यांना हातोडा म्हणतो. त्यांनी माझी सत्तर पानं वजन केल्यासारखी हातात धरली आणि विचारलं, मार्गदर्शक दोनच? तिसरे जूनमध्ये रुजू होतील, मी म्हटलं. ते नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मी आठवडाभर लावत बसले. विचारायला घरात माणूस एकच, अडीच वर्षांचं, आणि त्याचं मत होतं की आईच्या मातीच्या बरण्या आधी उघडाव्यात.

सभागृहात मला भिंतीलगतची खुर्ची मिळाली. टेबलाभोवती फक्त सदस्य. पहिल्या दहा विषयांवर नुसती खडाजंगी. एकट्या पार्किंगने चाळीस मिनिटं खाल्ली. मग कुलगुरूंनी अकरावा विषय वाचला. मी उभी राहिले, सात मिनिटं बोलले, थांबले.

कुणीच काही बोललं नाही.

कुलगुरू कागद बघत होते. हातोड्याने चष्मा काढून पुसला, परत घातला. पर्समध्ये माझा फोन थरथरला. पाळणाघरच असणार. गाड्या लावायच्या जागेवरून एकमेकांच्या अंगावर धावणारी ही माणसं माझ्यासाठी एक शब्द खर्चायला तयार नव्हती.

"काही त्रुटी असतील तर पुढच्या बैठकीत सुधारून आणते," मी म्हणाले.

कुलगुरूंनी मान वर केली.

"बरं. प्रस्ताव मागे घेतला, असं नोंदवा."

जिन्यात इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी मला गाठलं. वीस वर्षं त्या त्याच कोपऱ्यात बसून लिहितायत.

"अहो, घाई कसली केलीत? इथं नाही म्हणायचं असलं की सगळ्यांना कंठ फुटतो. गप्प बसले म्हणजे झालं. मी 'मंजूर' लिहूनसुद्धा टाकलं होतं, खोडावं लागलं."

पुढची बैठक कधी, मी विचारलं. सहा महिन्यांनी, आणि कागद पुन्हा पहिल्या टेबलापासून. माझ्याकडे बघून त्यांनी रजिस्टर दुसऱ्या हातात घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं होय?"

फोन पाळणाघराचाच होता. ताप वगैरे काही नव्हतं. उद्या जादा कपडे पाठवा, एवढाच निरोप.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. त्याच्या मागे यंत्रांची घरघर चालली होती.

"काय झालं गं अकराव्याचं?"

सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तोही क्षणभर थांबला.

"झालं ना? मला माहीतच होतं," तो म्हणाला आणि मोकळं हसला. तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. नंतर निवांत सगळं ऐकतो म्हणाला.

लेक मांडीवर येऊन बसली. मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तरी हात तिथेच राहू दिला.