पुढे नावाचं बटण

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. घरोघरच्या आया मला 'गेमचा रिमोट' म्हणतात आणि त्यावर मुलं चिडतात. मी चिडत नाही. चिडायलाही अंगात त्राण लागतं, आणि माझं त्राण कधीच संपलं आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एकीने माझं काळं कवच आणलं, दुसरीने आत रबराच्या चकत्या बसवल्या, तिसरीने स्क्रू पिळले. रांगेच्या शेवटी बसलेल्या बाईंचं काम एवढंच होतं, की प्रत्येक बटण एकदा दाबायचं आणि दिवा लागतो का ते पाहायचं. त्यांनी माझं उजवीकडचं खालचं बटण दाबलं, दिवा लागला, आणि त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा टिकेल गं." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. तेव्हा मी अगदी हुरळून गेलो होतो. टिकण्यात किती दमणूक असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझे भाऊबंद दुकानांत गेले, तिथून मुलांच्या घरी गेले. मी मात्र थेट एका गेम कंपनीच्या चाचणी विभागात येऊन पडलो. पडद्यांवर चकाकी नको म्हणून त्या खोलीच्या खिडक्या कायम झाकलेल्या असत. चाकांच्या खुर्च्या कुरकुरत, जमिनीवर वायरींचा गुंता असे, आणि दाराशी तलवार उगारलेल्या एका वीराचं माणसाएवढं चित्र होतं. येणारा जाणारा त्या वीराच्या तलवारीला आपली पिशवी अडकवी.

ही कंपनी वर्षानुवर्षं एकच गेम काढत आली आहे, 'धुक्यापलीकडचं राज्य'. एक भाग संपला की दुसरा. प्रत्येक भागात वीर घरून निघतो आणि नदीपाशी येतो. एक म्हातारा नावाडी त्याला पलीकडे सोडतो. पलीकडे निळे मुखवटे घातलेले पहारेकरी असतात. त्यांना कापत कापत वीर किल्ल्यात शिरतो आणि राक्षसाला मारतो. पुढच्या भागात राक्षस पुन्हा जिवंत. त्याला तरी काय बोलणार, त्याचंही पोट त्यावरच. नावाड्याच्या वाट्याला मात्र दर भागात एकच वाक्य होतं. "बस पोरा, पाणी शांत आहे."

मी ज्याच्या हाती लागलो त्याला सगळे सुसाट म्हणत. गेममधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. कुठे वीर भिंतीतून आरपार जातो, कुठे घोडा हवेत अडकून राहतो, ते त्याला बरोबर सापडे. त्यासाठी तोच तो भाग पुन्हा पुन्हा खेळावा लागतो, आणि तीच ती बोलणी पुन्हा पुन्हा कोण ऐकणार? गेममधलं कोणी बोलू लागलं की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं येत, 'पुढे'. ते माझं उजवीकडचं खालचं बटण. सुसाटचा अंगठा त्यावर पडला की बोलणाऱ्याचं तोंड जागच्या जागी बंद. राणी सांगू लागे, "माझ्या राज्यावर..." पुढे. सेनापती शेवटचे श्वास मोजत म्हणे, "माझ्या मुलीला एवढंच सांग, की..." पुढे. त्या मुलीला काय सांगायचं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

ही बोलणी लिहिणारी होती सुसाटची सख्खी थोरली बहीण. ती वरच्या मजल्यावर बसे. तिला सगळी कंपनी ताईच म्हणे, साहेबसुद्धा. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन खाली येई. भाऊ एका हाताने जेवे आणि दुसऱ्या हाताने मला धरून ठेवी, त्यामुळे घरगुती गप्पा मला फुकट ऐकायला मिळत. लहानपणी यांचे आईबाबा कामावरून उशिरा येत. तोवर ताईने धाकट्याला गोष्टी सांगून थोपवायचं. पण हा गडी ऐकतो कसला! राजा-राणी सुखाने नांदू लागले. "पुढे?" अरे, मग ते जेवले. "पुढे?" झोपले. "पुढे?" शेवटी राजाला झोपेत स्वप्न पडे आणि गोष्ट नव्याने सुरू होई.

"याच्या 'पुढे'पायी मी लेखिका झाले," ताई सगळ्यांना सांगे. "नाहीतर एखाद्या बँकेत सुखाने शिक्के मारत बसले असते."

भाऊ हसायचा आणि हसता हसता माझं बटण दाबायचा. मला ते हसू कधी आलं नाही. शब्द तोच होता, पण लहानपणी तो ताईला बोलतं करायचा आणि आता गप्प करत होता. हे त्या दोघांच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

वर्षं सरली. बिनवायरचे, चकचकीत नवे कंट्रोलर आले. माझ्या कवचावरचा रंग उडाला, पकडीच्या जागा गुळगुळीत झाल्या. सुसाटने मला सोडलं नाही, कारण त्याचा हात माझ्यावर बसला होता. लोकांना वाटे, केवढं हे प्रेम! पण प्रेम आणि सवय यांतला फरक दाबला जाणाऱ्यालाच कळतो.

मग गेमचा नववा भाग सुरू झाला. एक दिवस ताई डबा न उघडताच बोलू लागली.

"पहिला भाग खेळलेली मुलं आता बाप झाली रे. ती मोठी झाली आणि आपला वीर अजून आहे तिथेच. काप, मार, पळ. या लोकांना आता गोष्टीत गोष्ट हवी आहे. मी नदीचा प्रवेश नव्याने लिहिलाय."

"साहेब काय म्हणाले?"

"चाचणीत लोक ऐकतात का ते बघू म्हणाले. नाही ऐकलं तर प्रवेश काढायचा आणि तिथे आणखी एक लढाई घालायची."

"मग लढाईच येणार," सुसाट तोंडात घास ठेवून म्हणाला.

ताई डबा बाजूला सारत म्हणाली, "हा प्रवेश गेला तर मीही जाते. 'पाणी शांत आहे' आता पुन्हा लिहवत नाही मला. दमले मी."

दमले मी. एवढे दोन शब्द ऐकले आणि मला ती माझीच सख्खी बहीण वाटली.

आता यात गोची कुठे होती ते ऐका. कोण कुठे 'पुढे' दाबतं, याची नोंद संगणक ठेवत असे, आणि साहेब ती नोंद पाहून ठरवत. पण चाचणी विभागातली माणसं पगार घेतात तो घाई करायचा. ज्यांनी ऐकायचंच नाही, त्यांच्या अंगठ्यांवरून गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही ते ठरत होतं. हे वरच्यांना सुचलं नाही आणि खालच्यांना सांगावंसं वाटलं नाही. निकाल व्हायचा तोच झाला. नावाडी तोंड उघडतो न उघडतो, तोच सगळ्यांनी 'पुढे' दाबलं होतं, आणि सगळ्यांत जास्त वेळा दाबणारा होता सुसाट.

ताई खाली आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"एकदा तरी ऐकलंस का रे? एकदा?"

"अगं ताई, मी ऐकत बसलो तर माझं काम कोण करणार? तो नावाडी किती बोलतो! आणि मुद्दाम केलं का मी?"

"मुद्दाम केलं असतंस तरी बरं होतं. निदान काय नको ते ऐकून तरी ठरवलं असतंस," ती म्हणाली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! साहेब उद्या स्वतः एकदा खेळून बघणार आहेत. मग नदी साफ."

ती गेली. डबा तिथेच विसरली. सुसाट डब्याकडे बघत बसला आणि मग दुसरं काही सुचेना म्हणून त्याने मला उचललं. वीर निघाला, नदीपाशी आला, नावेत बसला. "बस पोरा, पाणी शांत आहे." सुसाटचा अंगठा माझ्या बटणावर पडला, आणि मित्रांनो, माझ्या आतली रबराची चकती फाटली.

मी ते मुद्दाम केलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नाही. इतकी वर्षं एकाच जागी दाबून घेतलं की एक दिवस फाटतंच. त्याने पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, मांडीवर आपटून दाबलं. बटण खाली गेलं ते वर येईना. आणि नावाडी बोलतच राहिला.

"किती वीर सोडले पलीकडे. परत न्यायला मात्र कोणी हाक मारत नाही. तुम्हा लोकांना दुसरी वाट असते वाटतं."

वल्ह्याचा आवाज आला. मी इतकी वर्षं त्या नावेत बसलो होतो, पण वल्ह्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो.

"पलीकडे पहारेकरी आहेत. निळे मुखवटे घालतात. धुकं पडायच्या आधी माझा पोरगा त्यांच्यात नोकरीला लागला. मुखवट्यातून तुला ओळखू यायचा नाही. डावखुरा आहे तो. एवढंच सांगून ठेवतो."

नाव काठाला लागली. वीर उतरला. समोरून निळ्या मुखवट्याचा एक पहारेकरी भाला घेऊन धावत आला. असले किती पहारेकरी सुसाटने झोपेतसुद्धा लोळवले असतील! पण आज त्याची बोटं हलेनात. तो पहारेकऱ्याच्या हाताकडे बघत होता. भाला उजव्या हातात की डाव्या, हे ठरेपर्यंत भाला आरपार गेला आणि वीर मेला. सुसाटने पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक वेळी तो आधी हात बघे, आणि हात बघता बघता मरे.

मग मला हातात धरून, वायर ओढत तो जिना चढून वर गेला. ताई आपल्या टेबलाचे खण रिकामे करत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पुढे?"

"चेष्टा पुरे झाली हं."

"चेष्टा नाही गं. पुढे काय? डावखुरा कुठला त्यातला?"

ताईने मान वर केली. इतक्या वर्षांनी तिने तो शब्द ऐकला होता, आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते लपवलेही नाहीत.

"कुठलाच नाही," ती म्हणाली. "सगळे पहारेकरी एकाच साच्यातून काढलेत, सगळे उजवे. मला एक डावखुरा मागायचा होता. पण प्रवेशच राहायची खात्री नाही, तिथे पोरगा कुठून मागू?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सुसाटने सगळे नवे कंट्रोलर आधीच चार्जिंगला लावून ठेवले होते, तेही एका लांबच्या खोलीत.

"वायरवाला चालेल ना, साहेब? याची पकड छान आहे."

साहेबांनी मला घेतलं. नावाडी बोलू लागताच त्यांचाही अंगठा पुढे सरसावला. "अरे, हे बटण चालत नाही."

"नाही चालत," सुसाट म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. एक सुस्कारा टाकला. मग वल्ह्याचा आवाज आला, आणि त्यांचा अंगठा माझ्या बटणावर सैल पडला. नाव काठाला लागली. पहारेकरी धावत आला. साहेब पुढे वाकून बघू लागले, आणि बघता बघता भाला खाऊन मेले. मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत.

"डावखुरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

ताई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "पुढे आहे, साहेब. अजून लिहायचाय."

साहेब बराच वेळ मला हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "लिहा. चित्रवाल्यांना मी सांगतो. किल्ल्यातली एक लढाई कमी करू." उठता उठता त्यांनी आणखी एक विचारलं, "तो सापडल्यावर वीर काय करतो?" पण ताईने सांगितलं नाही. ती फक्त हसली, आणि तिने आपला डबा भावाच्या टेबलावर उघडला.

माझं काय झालं म्हणता? सुसाटला रोजच्या कामासाठी नवा कंट्रोलर मिळाला. मिळायलाच हवा होता, अडकलेल्या बटणावर चाचण्या होत नाहीत. दुरुस्तीवाले माझी चकती बदलायला आले, तेव्हा त्याने त्यांना परत पाठवलं. आता मी खालच्या खणात, गुंतलेल्या वायरींच्या सोबतीला असतो. ताईने नवा प्रवेश लिहिला की मला बाहेर काढतात, कारण माझ्यावर खेळलं की ऐकावंच लागतं. ताईचे प्रवेश काही रोज लिहून होत नाहीत. मधले दिवस लांब असतात, आणि खणात धूळ फार आहे.

मित्रांनो, मी कुणाला शहाणपण शिकवावं असा नाही. एका बटणाचा मी धनी, तेही बिघडलेलं. पण तुमच्या घरातही कोणी काही सांगू लागलं असेल, आजोबा, मावशी, धाकटा भाऊ, एखादा खेळातला म्हातारा नावाडी. त्यांचं बोलणं लांबलं की तुमचा अंगठा शिवशिवतो, हे मला ठाऊक आहे. मी अंगठ्यांना आतून ओळखतो. तेव्हा जरा थांबा. वल्ह्याचा आवाज येऊ द्या. आणि त्यांचं बोलणं थांबलं की तुम्हीच विचारा, "पुढे?"

माझी गोष्ट इथे संपली. माझ्या पुढे आता खणाखेरीज काही नाही, हे मला माहीत आहे. तरी तुम्ही एकदा विचारलंत, तर बरं वाटेल.