मेहरमधली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि मला माणसांची किळस येते. तुम्ही लहान आहात, तुमची कमी येते. पण वाढाल तशी तीही वाढेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पाय ओतीव लोखंडाचे, हात सागवानी, पाठ मागे कलणारी. कारागिराने मला पॉलिश केलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि म्हणाला, "हिच्यावर राजाने बसावं." माझ्यावर बसलेला पहिला माणूस शिंकला. तो राजा नव्हता.

मला एका तरुण न्हाव्याने विकत घेतलं. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, कारण त्याने स्वतःच तसं सांगून ठेवलं होतं. त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्याकडे दोनच वस्तू होत्या: मी आणि मिशी. मुलीचे वडील सुतार होते. ते मेहरची बोलणी करायला दुकानात आले.

मेहर म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला जे द्यायचं कबूल करायचं असतं ते. पैसे असोत, दागिना असो, एखादी वस्तू असो. ते हुंड्याच्या उलट दिशेने जातं, आणि कदाचित म्हणूनच वाटेत अडकतं.

"मेहरमध्ये काय लिहायचं?" सुतारांनी विचारलं.

"मनापासून प्रेम करीन, मामा," उस्ताद म्हणाला.

"ते तर करायचंच आहे. वस्तू सांग."

उस्तादने इकडेतिकडे पाहिलं. सुतारांनी माझ्या हातावर बोटाने टकटक केलं, वाकून माझे सांधे पाहिले. "लाकूड चांगलं आहे," ते म्हणाले. "ही लिहा."

अशी मी निकाहनाम्यात गेले. मौलवींनी नवरीला विचारलं, मेहर म्हणून न्हाव्याची एक खुर्ची, कबूल? पाहुण्यांत खसखस पिकली. ती म्हणाली, "कबूल." मग मौलवी उस्तादकडे वळले. "आजपासून खुर्ची हिची. हे बक्षीस नाही, उपकारही नाही. तुझ्यावरचं देणं आहे. ती मागेल तेव्हा द्यायची. तोवर गिऱ्हाईक बसवायचं तर तिला विचारून."

"विचारतोच की," उस्ताद म्हणाला.

विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने माझ्यावर एक कोंडा असलेला ठेकेदार बसवला आणि ब्रशने फेस करता करता म्हणाला, "मेहरचं मिटलं. पहिल्याच रात्री माफ करून घेतली."

"हो म्हणाली?" ठेकेदाराने विचारलं.

"मान हलवली."

"उभी की आडवी?"

"अंधार होता," उस्ताद म्हणाला. दोघे हसले. त्या हसण्यात ठेकेदाराच्या नाकातून जे बाहेर आलं ते त्याने माझ्या उजव्या हाताखाली पुसलं. खुर्चीला ओकता येत नाही, ही माझ्या घडणीतली मोठी चूक आहे.

माझ्या उजव्या हाताखालची ती जागा पुढे फार लोकप्रिय झाली. माणसं वरून अत्तर लावून येत आणि खालून मला स्वतःची आठवण देऊन जात. शिक्षक, वकील, नवरदेव, सगळे. पाठीवर तेलाचा थर बसला, गादीच्या शिवणीत केस रुजले. एका इसमाच्या उवांनी तर माझ्यात संसार थाटला. तो संसार मात्र सुखाचा होता. मेहरचा प्रश्नच नव्हता.

माझी मालकीण भिंतीपलीकडे राहायची. दुकान आणि घर यांच्यात एकच दार होतं आणि तिने ते ओलांडायचं नाही, असा उस्तादचा नियम होता. इथे पुरुष असतात, म्हणे. असायचेच. मी त्यांचा वास घेत होते.

तिच्या हाताला कला होती. गल्लीतल्या मुली आणि बायका तिच्याकडे केस कापून घ्यायला येत. ती त्यांना तेलाच्या उपड्या डब्यावर बसवायची. डबा डुगडुगायचा, एखादीची बट वाकडी जायची. एकदा ती दाराशी येऊन म्हणाली, "अहो, माझी खुर्ची आत द्या ना. डब्यावर किती दिवस काढू?"

"कुठली तुझी? माफ केलीस ना?"

"कधी?"

"झालं, आता विसरलीसुद्धा," उस्ताद गिऱ्हाइकाला म्हणाला, आणि गिऱ्हाईक समजूतदारपणे घोरलं.

ती मागत राहिली. तो हसत राहिला. मग उस्ताद आजारी पडला आणि एका सकाळी वारला.

मय्यतीला जमलेले पुरुष दुकानात बसले. उस्तादचा धाकटा भाऊ माझ्यावर येऊन रेलला. भाऊ आतल्या खोलीत कफनात आणि हा इथे शेंगदाणे सोलत एकाला हळूच सांगत होता, "खुर्चीला गिऱ्हाईक आहे. माती झाली की लगेच उचलू." टरफलं माझ्या गादीत. बोटं माझ्या हाताला पुसली. त्या क्षणी मला उवांची आठवण आली, आणि ती प्रेमाने आली.

आत सासू सुनेला म्हणत होती, "मेहर माफ कर गं. चार माणसांसमोर बोल. त्याच्या मानेवरचं ओझं उतरव, म्हणजे तो सुखाने जाईल."

"अम्मी, ओझं पलीकडच्या खोलीत आहे," माझी मालकीण म्हणाली. "उचलून आणा, उतरेल."

शेंगदाणे थांबले. धाकटा भाऊ दारात गेला. "वहिनी, काय बोलताय? मय्यत थांबलीय."

"मीही थांबलेच आहे की."

त्याने मौलवींकडे पाहिलं. तेच मौलवी, आता काठी टेकत आलेले. "समजवा हिला," तो म्हणाला.

"मेहर हे मेलेल्या माणसावरचं देणं आहे," मौलवी म्हणाले. "आधी ते फिटतं, मग वारसांची वाटणी. तिने आपल्या खुशीने सोडलं तरच सुटतं. रडत्या बाईला घेरून सोडवून घेतलेलं धरत नाहीत." मग त्यांनी तिला विचारलं, "बेटा, खुशीने सोडतेस?"

"नाही."

भरपूर उजेड होता. सगळ्यांनी ऐकलं.

मग चौघांनी मला उचललं. मी दारातून जाईना. धाकट्या भावाचा चेहरा उजळला. "बघा, मावतच नाही. अल्लाची मर्जी."

"मर्जीचं नंतर बघू," कोपऱ्यातून आवाज आला. तिचे वडील, ते म्हातारे सुतार, पेचकस मागत उठले. त्यांनी बिजागऱ्या काढल्या, दार उतरवून भिंतीला टेकवलं, आणि मी आडवी होऊन आत गेले. त्यांनी मला तिच्यासमोर ठेवलं. उस्तादचा चेहरा मला हलका वाटला. पण माझं काय सांगता, मी माणसं डोक्याच्या मागच्या बाजूनेच ओळखते.

मग त्याला नेलं.

इद्दतीच्या, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरात काढायच्या, दिवसांत ती घरातच होती. एका दुपारी तिने गरम पाणी, साबण आणि बोथट सुरी घेतली. टरफलं झाडली, केस उपसले, तेल खरवडलं. मग तिचा हात माझ्या उजव्या हाताखाली गेला. ती थबकली. वाकून पाहिलं. आणि मोरीकडे धावत जाऊन भडाभडा ओकली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी आपलं वाटलं.

ती तोंड धुऊन परत आली आणि तिने ते सगळं खरवडून काढलं. मग पदराने हात पुसले, माझ्यावर बसली, मागे रेलली. बराच वेळ बसली. तिने माझ्या हाताखाली काहीही पुसलं नाही.

तेलाच्या डब्यात आता तेल असतं.

तेव्हा मुलांनो, वस्तूंची काळजी घ्या. त्या कोणाच्या आहेत ते आधी विचारा, आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबा. खाली घातलेली मान म्हणजे होकार नसतो. ती फक्त मान असते. मला विचाराल तर मी असंख्य पाहिल्या आहेत.

केस वाढले असतील तर या. पण हात धुऊन या.