मंजुळाबाईंच्या पाळीचं पाणी

मी विहिरीवरची मोटर बोलतेय. चाकणजवळच्या एका मळ्यात, पत्र्याच्या आडोशाला मला बोल्टांनी आवळून बसवलंय.

विहीर सामाईक. आठवड्यातले चार दिवस सोपानरावांचे, तीन दिवस त्यांच्या थोरल्या भावाच्या विधवेचे, मंजुळाबाईंचे. बाई मेथी-कोथिंबीर करायच्या. भिजवण झालं की मला बंद करून म्हणायच्या, "दमली असशील." कुणी ऐकत नसलं की माणसं यंत्राशीही बोलतात.

पुढे निगडी-तळवड्याकडे इमारती वाढल्या, नळ पुरेनात. सोपानरावांच्या मुलानं, जयदीपनं, आपल्या चार दिवसांचं पाणी टँकरवाल्याला विकलं. एक टँकर हलला की दुसरा उभा. बाईंच्या पाळीला तळाशी गुडघाभर पाणी उरायचं. कोथिंबीर पिवळी पडली.

बाई तडक विहिरीवर आल्या. "भावजी, माझी पाळी कुणी इकली?"

"आमी आमच्याच दिवसाचं इकतोय, वहिनी," सोपानराव खाली बघत म्हणाले.

"दिवस वाटलं व्हतं. झरा कुठं वाटला व्हता?"

जयदीप मध्ये पडला. "थोरली आई, तुझे तीन दिवस पण देऊन टाक. बसून खाशील."

"अन् बसून करू काय?"

वर्षभर त्यांनी दम धरला. आपल्या दिवशी मला सुरूच करायच्या नाहीत, पाणी साठू द्यायच्या. पाळी बदलली की टँकर तेही न्यायचे. शेवटी गेल्या चैत्रात त्यांनी आपले तीन दिवसही देऊन टाकल्याच्या कागदावर सही केली. तेव्हापासून मला सुट्टी नाही. त्या इमारतींतल्या लोकांना तरी दोष कसा देऊ? तहान त्यांनाही आहेच.

परवा दुपारी पाणी तुटलं. टँकरवाला फोनवर बोलत होता आणि मी कोरडीच फिरत राहिले. जळका वास सुटला. बाई बांधावरून धावत आल्या, बटण बंद केलं.

"मावशी, सोसायटीत माणसं खोळंबलीत!" टँकरवाला ओरडला.

"खोळंबू द्या. ही जळंल."

सोपानराव आले, मागोमाग जयदीप. त्यांनी फ्यूज काढून खिशात टाकला. मुलाला म्हणाले, "हीर भरस्तवर कुणालाच पाणी द्यायचं न्हाई."

"नका देऊ," जयदीप म्हणाला. "मी बोअर घेतो."

आज शेजारच्या तुकड्यात बोअरची गाडी उभी आहे. तिच्या हादऱ्यांनी माझे बोल्ट सैल होतायत. बाई आणि सोपानराव जयदीपला हाका मारून दमले, आता काठावर बसून नुसती घरघर ऐकतायत. खालचं पाणी एकच आहे, हे त्या पोराला कुणीतरी सांगा. त्या घरघरीत ह्या दोघांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही.