उशिरा आलेलं रडू

व्हिव्हियनने नैराश्यावरच्या गोळ्या सोडल्या, त्या डॉक्टरांना न विचारताच. पाच वर्षं तो त्या घेत होता.

"मी आता बरा आहे," तो जुलियानाला, आपल्या बायकोला, म्हणाला. "या गोळ्यांनी कशाचंच काही वाटत नाही. जेवणाचं नाही, चर्चचं नाही, तुझंही नाही."

आठवड्याभरातच त्याचं डोकं गरगरायला लागलं. मान वळवली की आत वीज चमकल्यासारखं व्हायचं. मग चिडचिड सुरू झाली. एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या लहानशा फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टीही त्याला सहन होईना. एका रविवारी त्याने जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं. जुलियानाने भिंत पुसली आणि पाचूबंदरला आईकडे निघून गेली.

दोन दिवसांनी तो तिथे गेला. सासू अंगणात बोंबील वाळत घालत होती. "बस, पानी देते," म्हणून ती आत गेली. शेजारची छोटी मुलगी हातात काठी घेऊन कावळे हाकत होती. व्हिव्हियन तिच्याकडे बघत राहिला आणि एकदम ओक्साबोक्शी रडायला लागला.

जुलियाना बाहेर आली.

"मेलिसा एवढीच झाली असती," तो म्हणाला. "आपली पोर गेली गं."

मेलिसा त्यांची मुलगी. जन्मल्यावर दोनच दिवस जगली, त्याला चार वर्षं होऊन गेली. तेव्हा व्हिव्हियनने शवपेटी आणली, फादरांना बोलावलं, आल्यागेल्याचं चहापाणी पाहिलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

जुलियाना त्याच्याजवळ पायरीवर बसली. तिचे डोळे कोरडेच होते.

"मी किती वाट बघितली तुझी," ती म्हणाली. "कधीतरी माझ्याबरोबर रडशील म्हणून. मग एकटीच रडले. आता मला रडूच येत नाही, व्हिव्हियन."

"मग मी काय करू?"

"रड तू. मी बसते इथे."

डॉक्टर रागावले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढे काही महिने घेऊन त्या हळूहळू कमी करायचं ठरलं. जुलियाना घरी आली. व्हिव्हियन शांत झाला, आणि ते रडूही थांबलं.

नोव्हेंबरमध्ये मृतांच्या दिवशी दोघांनी मेलिसाच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. जुलियानाने एकदाच त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"गोळी कमी झाली की परत रडू येईल बहुतेक," परतताना रिक्षात तो म्हणाला.

"येईल तेव्हा सांग," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला घराकडचं वळण दाखवलं.