तिकडे लावली होती

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. माझी फ्रेम निळी, मोठ्या माणसाच्या मुठीत सहज मावेल एवढी. माझ्या दोन काचा शेजारी शेजारी राहत असल्या तरी दिसायला सारख्या नाहीत. उजवी साधी, पातळ. डावी मध्ये फुगलेली, जाडजूड, नुकतंच काही खाऊन गाल भरल्यासारखी. दुकानात पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा मलाच हसू फुटलं होतं. पण चष्मेवाल्या काकांनी मला फडक्याने पुसलं आणि म्हटलं, "हसू नकोस. सगळं काम या डाव्या काचेलाच करायचंय."

माझा जन्म त्यांच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. काचेच्या कडा फिरत्या दगडावर घासल्या गेल्या. वरून पाण्याची धार, खाली पांढरा चिखल आणि कान किटवणारा आवाज. दुखलं का, तर हो, दुखलं. पण फ्रेममध्ये नीट बसायचं तर कडा सोडाव्याच लागतात. मग काकांनी मला एका सहा वर्षांच्या मुलीच्या नाकावर चढवलं. काही माणसांच्या नाकावर कायम राग बसलेला असतो. मी त्यापेक्षा बरा, असं माझं मत आहे.

त्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. ती एका जागी टिकत नसे म्हणून. तिच्या उजव्या डोळ्याला लख्ख दिसायचं. डावा मात्र आळशी होता. हा शब्द माझा नाही, डोळ्यांच्या डॉक्टरबाईंचा. उजवा डोळा सगळं बघून टाकतो, म्हणून डावा बघायला शिकतच नाही, असं त्यांनी सांगितलं. उपाय सोपा होता. रोज चार तास उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, वरून मला घालायचं आणि डाव्याला कामाला लावायचं.

"पण एक दिवसही चुकवायचा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे लहानपणीच होतं. नंतर जगातला कुठलाही चष्मा लावा, तो डोळा शिकणार नाही."

तेव्हा आई, बाबा आणि भिंगरी एका घरात राहत होते. आई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभरात शेकडो नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, पण एकीची चिठ्ठी दुसरीवर कधी गेली नाही. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दुपारी घरी परतली की आई पट्टी लावायची आणि संध्याकाळी कामावरून आले की बाबा भिंगरीसमोर नट-बोल्टची थाळी ठेवायचे. कुठला नट कुठल्या बोल्टला बसतो ते तिने एका डोळ्याने शोधायचं. ती रडायची, चिडायची, मला जमिनीवर आपटायची. माझ्या डाव्या दांडीवरचा ओरखडा त्याच दिवसांतला आहे. पण पट्टी चुकली नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी उजवा डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला, तेव्हा तिने तीन ओळी धडाधड वाचल्या. आधी तिला नुसतं वरचं एकच मोठं अक्षर दिसायचं. डॉक्टरबाईंनी तिला शाबासकी दिली आणि मला हातात घेऊन म्हणाल्या, "छान काम करतोय हा." तो दिवस मी विसरलेलो नाही.

त्यानंतर घर मोडलं. का मोडलं ते मला ठाऊक नाही. मी रात्री डबीत असायचो आणि भांडणं रात्री व्हायची. एवढं सांगतो की दोघांपैकी एकही माणूस वाईट नव्हता आणि दोघांचाही भिंगरीवर जीव होता. म्हणूनच दोघांनाही ती हवी होती. कोर्टाच्या कागदावर तिचा ताबा दोघांना मिळून दिलाय असं लिहिलं होतं. ताबा हा शब्द मी तोपर्यंत घराबद्दल आणि जागेबद्दलच ऐकला होता. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे, आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता बागेच्या फाटकाशी अदलाबदल. ऐकणारे सगळे म्हणाले, चला, कुणावर अन्याय नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

मुलीला ओझं वाहायला नको म्हणून दोन्ही घरांत सगळं दोन-दोन घेतलं गेलं. दोन दात घासायचे ब्रश, दोन चपलांचे जोड, दोन उशा. पट्ट्यांचे डबेही दोन. एकटा मीच काय तो इकडून तिकडे जायचो.

हे इकडे-तिकडे त्याच दिवसांत सुरू झालं. आईच्या घरात बाबांचं घर म्हणजे 'तिकडे'. बाबांच्या घरात आईचं घर म्हणजे 'तिकडे'. दोघांनाही एकमेकांचं नाव घ्यायचं नसे, मग हा शब्द बरा पडायचा. तिकडे जेवलीस का? तिकडे अभ्यास झाला का?

पहिल्याच महिन्यात भिंगरीने बाबांना खरं सांगून टाकलं, "आईने काल पट्टी नाही लावली. मी रडले म्हणून." बाबांनी लगेच फोन लावला. ते आत, दार लोटून बोलत होते, पण आवाज कुठला लपतोय. "तुला सात दिवस मिळतात आणि तेवढंही होत नाही?" पलीकडून आईनेही ऐकवलं असणार, कारण बाबांचा आवाज आणखी चढला. भिंगरी बाथरूमच्या दाराआड उभी होती. मी तिच्या नाकावर होतो आणि आतून काचा ओल्या झाल्या होत्या. आपल्या एका वाक्याने काय होतं हे तिने त्या दिवशी पाहिलं.

पुढच्या रविवारनंतर आईने विचारलं, "तिकडे पट्टी लावत होतीस ना गं?"

"लावली होती," भिंगरी म्हणाली. त्या आठवड्यात एकदाच लागली होती.

"रोज?"

"रोज."

आईचा चेहरा सैल पडला. मग भिंगरी म्हणाली की आज खाज सुटते, आज नको. आईने पट्टी हातात धरली, तिच्याकडे पाहिलं आणि परत डब्यात ठेवली. मी आईला दोष देत नाही. सात दिवस रिकाम्या घरात काढल्यावर मूल दारात आलेलं, त्याला पहिल्या तासाला रडवायचं कुणाच्या हातून होईल? आणि तिकडे रोज लागतेच आहे, मग इथे एखादा दिवस चुकला तर काय बिघडतं? तिकडे बाबांचं गणित हेच होतं. आई शिस्तीची, ती काही सोडणार नाही, मग आपल्या वाटच्या सात दिवसांत जरा मोकळीक. दोघांनीही कानाडोळा केला, आणि दोघांनाही वाटत राहिलं की दुसरा डोळ्यांत तेल घालून बसलाय.

तपासणीचंही तसंच झालं. ठरलेला दिवस बाबांच्या आठवड्यात आला. बाबांना वाटलं, डॉक्टरकडचं काम आईच बघते. आईला वाटलं, त्याचा आठवडा आहे, त्याने नेलं असेल. विचारायचं तर फोन करावा लागला असता.

मित्रांनो, असे आठ महिने गेले. या काळात मी रोज नाकावर होतो, रोज पुसला जात होतो. कुणालाही वाटलं असतं, सगळं व्यवस्थित चाललंय. पण माझी जाड काच नुसती बसून होती. उजवा डोळा सगळं बघत होता आणि डावा शिकलेलं विसरत चालला होता. मला ते कळत होतं. ओरडता आलं असतं तर मी दोन्ही घरांत ओरडलो असतो.

शेवटी दवाखान्यातूनच दोघांना फोन गेला आणि दोघंही आले. भिंगरी मध्ये बसली, आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या. डॉक्टरबाईंनी उजवा डोळा झाकला.

"वाच बरं, बाळ."

भिंगरीने वरचं एकच मोठं अक्षर वाचलं. दुसऱ्या ओळीशी ती थांबली.

डॉक्टरबाईंनी जुना कागद काढून पाहिला. "मागे तीन ओळी वाचत होती ही. पट्टी चार तास लागतेय ना?"

"तिकडे..." आई म्हणाली. "तिकडे..." बाबाही त्याच वेळी म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

डॉक्टरबाई भिंगरीसमोर खाली बसल्या. "तू सांग. पट्टी कुठे लावतात?"

"तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठल्या घरी?"

भिंगरीने जरा विचार केला. ती आता खोटं बोलत नव्हती. "जिथे मी नसते, तिथे," ती म्हणाली.

मला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी दोन्ही घरांत पट्ट्यांचे डबे उघडले गेले आणि दोन्ही जवळपास भरलेले निघाले.

"सात पूर्ण होतील हिला आता," आम्ही दवाखान्यातून बाहेर पडताना डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "फार तर एक वर्ष आहे आपल्या हातात. सगळं भरून निघेल असं मी म्हणणार नाही."

दोन दिवसांनी रविवार होता. बागेच्या फाटकाशी बाबांनी भिंगरीला झोक्याकडे पिटाळलं. पण मला तिने खेळायला जाताना आईच्या हातात दिलं होतं, म्हणून मी सगळं ऐकलं.

"वर्षभर ती तुझ्याकडेच राहू दे," बाबा म्हणाले.

"आणि तुझा आठवडा?"

"राहू दे माझा आठवडा. मी रोज पाचला येतो. पट्टी मी लावतो, नऊला काढतो आणि जातो. चुकली तर माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही."

"रोज जमेल? तिसरा मजला आहे, आमच्याकडे लिफ्ट नाही."

"दिवसभर लोकांच्या लिफ्टा चालू करतो, स्वतःला जिनेच नशिबी. तू माझ्यासाठी चहा-बिहा ठेवू नकोस. फक्त दार उघड."

आईने माझी जाड काच पुसली. मग म्हणाली, "चहा ठेवीन. उशीर झाला तर फोन कर, मी लावून ठेवते. आणि लावली की तुला सांगते."

आणि त्यांनी तसं केलं. वर्षभर बाबा तीन जिने चढून आले. काही दिवस दोघं एक शब्द बोलले नाहीत, तरी पट्टी लागली. आईला ताप असताना लागली. बाबांना एकदा बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांसाठी थांबावं लागलं, तेव्हा आईने लावली आणि फोन करून सांगितलं. तो फोन एका मिनिटाचाही नव्हता. भिंगरी रडली, पण खोटं बोलण्याची गरज तिला उरली नाही. माझ्या जाड काचेने त्या वर्षात केलं तेवढं काम जन्मात केलं नव्हतं.

शेवटच्या तपासणीला तिने पाच ओळी वाचल्या. सहावी आली नाही. डॉक्टरबाईंनी थोडं थांबून पुन्हा विचारलं, तरी आली नाही.

"इथवर आलो, हेच पुष्कळ," त्या हळूच म्हणाल्या. "यापुढे आता नाही."

उजवा डोळा अजून झाकलेलाच होता. भिंगरीने मान वळवून दाराकडे पाहिलं. तिथे आई आणि बाबा शेजारी शेजारी उभे होते.

"तुम्ही दोघं उभे आहात, ते दिसतंय मला," ती म्हणाली. "पण हसताय की रडताय, ते नाही कळत."

ते दोघंही रडत होते.

तिला आता नव्या नंबरचा नवा चष्मा आला आहे आणि मी कपाटाच्या खणात पडून असतो. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाची दोन घरं असतील, तर एका घरचा निरोप दुसऱ्या घरी पोचवणं हे तुमचं काम नाही, हे लक्षात ठेवा. त्यात काही चुकलं तर चूक तुमची नाही. आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझं एवढं सांगणं पोचवा, हा एकच निरोप मी तुमच्या हाती देतो. रागवा एकमेकांवर, वेगळे राहा, पण मुलाचं औषध, मुलाची पट्टी आज झाली का, हे एकमेकांनाच विचारा. भिंगरीच्या आईबाबांनी तो एका मिनिटाचा फोन आठ महिने आधी केला असता, तर त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या दोघांचे चेहरे तिला दिसले असते.