कापशीला दिलेली धुरी

सकाळपासून विनया पिंजऱ्यापाशी जायची आणि परत फिरायची. कणीक अर्धी मळून ठेवलेली, कुकरची शिट्टी लावायची राहिलेली. लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी घराच्या खिडकीबाहेर नोव्हेंबरची धुरकट हवा मळक्या गोधडीसारखी लोंबत होती. खिडकीच्या फटींना क्षिप्राने चिकटपट्ट्या लावल्या होत्या. प्रदूषणापायी शाळा बंद, म्हणून अकरा वर्षांची ती पोर आतल्या खोलीत दार लोटून, कानांवर हेडफोन चढवून गणिताच्या तासाला बसली होती.

पिंजऱ्यात दोघी. काळी मिरी आणि पांढरी कापशी. पाळलेल्या उंदऱ्या. शेजारच्या सक्सेनाबाई रोज म्हणायच्या, "लोग चूहे भगाते हैं, आप इनका बिस्तर धोती हो!" विनया हसायची. "गणपतीचं वाहन आहे हो, सर्व्हिसिंगला आलंय," असं एकदा तिचा नवरा श्यामकांत म्हणाला होता. पण मुलीने दोघींची सगळी उस्तवार एकटीने केली होती. शिंका येतात म्हटल्यावर लाकडाचा भुसा काढून कागदाच्या पट्ट्या घातल्या, खालचं कापड रोज बदललं. खोलीत अत्तर नाही, फिनेल नाही. देवापुढची उदबत्तीसुद्धा बाल्कनीत गेली. "आई, बिल्कुल नाही म्हणजे नाही."

औषध आठ दिवसांपासून सुरू होतं. तरी आज कापशीच्या कुशी भात्यासारख्या आत-बाहेर होत होत्या. श्वासाला बारीक करकर, नाकाशी तांबूस ओल. विनयाला ते रक्त वाटलं. हात कुठे ठेवावा कळेना. मग हातांना जुनं आठवलं.

फळीवरचं धुपाटणं तिने काढलं. निखारा फुलवला, त्यावर ओवा, वावडिंग, चिमूटभर वेखंड. क्षिप्रा सव्वा महिन्याची असताना पाळण्याखाली रोज हीच धुरी दिली होती. उदबत्ती देवाची, धुरी औषधाची, एवढाच विचार. पिंजऱ्यावर तिने आपल्या शालीचं टोक धरलं आणि धूर आत वळवला.

कापशी शिंकली. एकदा, दोनदा, मग सलग. "सुटतंय गं बाई, सुटतंय," विनया पुटपुटली. खिडक्या बंद, धूर जायचा कुठे? मिरी कोपऱ्यात दडली. कापशीने मान वर ताणली, तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

विनयाने धुपाटणं बाल्कनीत नेऊन आपटलं, चिकटपट्ट्या ओरबाडून खिडकी उघडली. बाहेरचाही धूरच आत आला.

दार उघडून क्षिप्रा धावत आली. "आई, तिने तोंड का उघडलंय? उंदीर तोंडाने श्वास घेत नाहीत! आणि हा वास कसला आहे?"

"फोडणी करपली," विनया म्हणाली.

मिरीला शेजारी सोपवून त्या रिक्षात बसल्या. क्षिप्राच्या मांडीवर भोकं पाडलेला डबा, त्यात कापशी. सिग्नल लाल. विनया पायाची बोटं आत ओढायची, सोडायची. रिक्षावाल्याने डब्याकडे पाहिलं. "क्या है इसमें, बहनजी?"

"बच्ची है," विनयाच्या तोंडून गेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कापशीला पारदर्शक पेटीत ठेवलं, नळी जोडली. "ये लाल जो है, खून नहीं है. तकलीफ में इनकी आँख-नाक से ऐसा पानी आता है. पर आठ दिन की दवा के बाद इतना बिगड़ना... घर में कुछ जला? धूप, अगरबत्ती, कॉइल?"

"कुछ भी नहीं," क्षिप्रा लगेच म्हणाली. "मेरे बर्थडे पर कैंडल भी नहीं जलाई."

डॉक्टरीणबाईंनी विनयाकडे पाहिलं. "तो शायद दवा काम नहीं कर रही. बदलनी पड़ेगी."

विनयाने क्षिप्राकडे पाहिलं. पोरीच्या तोंडावर केवढा भरवसा होता. आणि पेटीतल्या त्या चिमूट जिवाला आपल्या लबाडीपायी भलतंच औषध जाणार होतं.

"मैंने धुआँ दिया," ती म्हणाली. "अजवाइन का. हमारे यहाँ बच्चों को देते हैं."

क्षिप्रा वळली. "फोडणी म्हणालीस तू."

"हो."

"मी तुला सांगितलं होतं, आई!"

"अच्छा किया बता दिया," डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाल्या. "दवा वही रहेगी. अब बस साफ़ हवा. और आपकी शॉल से भी धुआँ आ रहा है. आप बाहर बैठिए."

विनया पायरीवर बसली. उठली. पुन्हा बसली. काचेपलीकडे मुलीची पाठ दिसत होती आणि पेटीतला पांढरा ठिपका. ठिपका हलतोय की आपलीच पापणी हलतेय? आजोळी जात्यावर ऐकलेली चाल ओठांवर आली, शब्द मात्र नवे जुळत गेले:

श्वास तुझा गं कापशे, बोंडातला बारीक धागा,
हलक्या हाताने ओढते, तुटायला न ठेवी जागा.

किती वेळा म्हटलं कोण जाणे. दार उघडून क्षिप्रा आली. डोळे सुजलेले.

"तोंड मिटलंय तिने. करकर आहे अजून. डॉक्टर म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू. नक्की काही नाही."

विनयाने मान हलवली. मुलीने पायाने पायरी उगाच घासली.

"मलाही द्यायचीस तो धूर?"

"रोज. आंघोळ झाली की."

"मग मी काय करायचे?"

"शिंकायचीस," विनया म्हणाली. "आम्हाला वाटायचं, सर्दी सुटतेय."

अंगातलं जॅकेट काढून क्षिप्राने आईपुढे धरलं. "हे घाल. चेन गळ्यापर्यंत लाव. शाल इथेच ठेव."

बाह्या कोपरापाशीच संपल्या. चेन ओढता ओढता विनयाने श्वास आत धरला, आणि मुलीच्या मागोमाग आत गेली. पेटीत कापशी पुढचे दोन्ही पाय उचलून आपलं नाक पुसत होती, थांबत होती, पुन्हा पुसत होती.